मुळाच्या चकतीवरून झाड सांगणारा

मर्व नोस्केच्या मते जगात दोनच तऱ्हेची माणसं होती: वस्तरा धरता येणारी आणि न येणारी. पहिल्या तऱ्हेत तो एकटाच होता. दुसरीत प्लंबर, कौन्सिलचे अधिकारी, शेजारीपाजारी, चर्चमधला पाद्री आणि सगळ्यांत तळाला, गटाराच्याही खाली, प्रोफेसर.

अ‍ॅडलेडच्या पश्चिमेला विटन नावाची वस्ती आहे. तिथे बहिणीच्या, म्हणजे इर्माच्या घरामागे एक पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये मर्व बसायचा. त्याचं काम कुणाला सांगितलं तर आधी हसू यायचं. सांडपाण्याचा पाइप तुंबला की प्लंबर त्यात तार घालून ओल्या केसांसारखा मुळांचा गुंता बाहेर ओढतो. घरवाला म्हणतो, मुळं शेजाऱ्याच्या झाडाची. शेजारी म्हणतो, कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या झाडाची. कौन्सिल म्हणते, आमची झाडं सभ्य आहेत, ती असलं काही करत नाहीत. मग त्या गुंत्यातला बोटभर तुकडा जॅमच्या बरणीत घालून मर्वकडे पोचवला जातो. मर्व गाजराला चीर पाडून त्यात तो तुकडा धरी, वस्तरा पाण्यात बुडवी आणि मुळाची आडवी चकती काढी. इतकी पातळ, की वर्तमानपत्रावर ठेवली तर खालचं अक्षर वाचता यावं. चकतीला लाल रंग पाजायचा आणि मायक्रोस्कोपखाली सरकवायची.

मूळ आतून कसं असतं हे वस्तीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं आणि मर्वला त्याचं वाईट वाटत नसे. खोडाच्या मधोमध भेंड असतं. मुळात ते नसतं, तिथे थेट पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच दाटलेल्या असतात. त्या नळ्या कशा मांडल्यात, मधून बाहेर जाणाऱ्या आऱ्या किती रुंद आहेत, मऊ पेशी कुठे आहेत, यावरून झाड कळतं. निलगिरीच्या नळ्या तिरक्या ओळीत उभ्या. वाळुंजाच्या बारीक आणि गर्दीने. प्लेन नावाच्या रस्त्याकडेच्या झाडाच्या आऱ्या इतक्या रुंद, की मर्वच्या शब्दांत ‘कौन्सिलच्या डॅरिललासुद्धा दिसतील’. दहा मिनिटांत तो कागदावर झाडाचं नाव लिही आणि त्याखाली, प्रत्येक कागदावर, दोन शब्द: शंका नाही.

हे दोन शब्द त्याचे इतके पक्के झाले होते, की प्लंबर लोक त्याला पाठीमागे ‘शंकानाही’ म्हणत. त्याला ते माहीत होतं. त्याला ते आवडायचं.

मर्व पंधराव्या वर्षी शेतकी कॉलेजात बाटल्या धुवायला लागला. मरे नदीकडच्या माळावरून आलेलं, चर्चच्या जर्मन भजनांपलीकडे काही न वाचलेलं पोर. पण हात असा, की सहा महिन्यांत तो पानांचे छेद काढू लागला आणि दोन वर्षांत कॉलेजातला एकही प्रोफेसर त्याच्याशिवाय वर्ग घेऊ शकेना. पुढची चौतीस वर्षं त्याने कापलेल्या पानांच्या, खोडांच्या, मुळांच्या चकत्यांचे फोटो प्रोफेसरांच्या पुस्तकांत छापून आले. खाली नाव प्रोफेसरांचं. नोस्के हे नाव एकदाच छापून आलं, आणि तेही ‘नोक्स’ असं.

माणूस यावर कडू झाला तर त्याला दोष कोण देईल? पण मर्व नुसता कडू झाला नाही, तो त्या कडूपणावर पोसला गेला. नवा प्रोफेसर आला की मर्व त्याच्यापुढे निलगिरीच्या पानाचा छेद ठेवी आणि विचारी, ‘यातली वरची बाजू कुठली, सर?’ कुठल्याही साध्या पानात उन्हाकडच्या बाजूला उभ्या पेशींची भिंत असते, ती एकाच बाजूला. निलगिरीचं पान टांगून राहतं, त्याला दोन्हीकडून ऊन, म्हणून दोन्हीकडे भिंत. नवा माणूस चष्मा पुसे, चकती फिरवून बघे आणि शेवटी एक बाजू सांगून मोकळा होई. मग मर्व वर्षभर ती गोष्ट चहाच्या वेळी सांगत सुटे. ज्याला ते विचारायचं तो बिचारा परदेशातून परवा आलेला असे, निलगिरी त्याने विमानतळावर पाहिलेली असे, पण मर्वला त्याच्याशी काय करायचं होतं?

एकीने मात्र बाजू सांगितली नाही. ब्रॉनविन नावाची नवी शिक्षिका होती, बुटकी, नाकावर चट्टे. तिने चकती पाहिली आणि म्हणाली, ‘नुसत्या चकतीवरून वरची बाजू सांगता येत नाही.’ उत्तर अगदी बरोबर होतं. मर्वने तिला जन्मभर माफ केलं नाही. पुढे हीच बाई मुळांच्या नमुन्यांवर कधी कधी लिही: ‘कूळ कळतं. त्यापुढे सांगता येत नाही.’ मर्व ते कागद इतरांना मोठ्याने वाचून दाखवी. ‘सांगता येत नाही म्हणे! मग शिकलीस कशाला? सांगता येत नाही हे तर आमच्या इर्मालाही सांगता येतं.’

खरी गोष्ट अशी, की ‘सांगता येत नाही’ लिहायला डिग्री लागते. डिग्रीवाल्याने तसं लिहिलं की लोक म्हणतात, किती काटेकोर माणूस. बाटल्या धुऊन वर आलेल्याने लिहिलं की म्हणतात, जा, परत बाटल्या धू. हे मर्वला आतून पुरतं माहीत होतं. त्याच्या कागदांवरचे ते दोन शब्द या भीतीतून आले होते, आणि लोक त्यालाच विद्वत्ता समजत.

कॉलेजात नवी यंत्रं आली, वस्तऱ्याचं काम बंद झालं आणि मर्वने शेड थाटली. लग्न त्याने केलं नाही. कुणी पसंत पडलं नाही असं तो म्हणे. इर्मा म्हणे, ‘त्याने बायकोचीही चकती काढून पाहिली असती.’ ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, विधवा, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धड. या घरात त्याला उलट बोलणारी तीच.

२००७ साल. दुष्काळाचं सहावं वर्ष. बागेला पाणी घालायचे वार ठरलेले, वेळ ठरलेली, आणि माणसं आंघोळीचं पाणी बादलीत धरून झाडांना घालत होती. झाडांना बंदी कळत नाही. जिथे ओल, तिथे मूळ. जुने मातीचे पाइप, सांधे सुटलेले, आत केसाएवढं मूळ शिरे आणि आत जाऊन गादी करी. मर्वच्या फळीवर बरण्यांची रांग लागली होती आणि तो इतका खुशीत होता, की इर्माने केलेल्या जर्मन केकलासुद्धा नाव ठेवेना.

फेब्रुवारीत एका सोमवारी कौन्सिलचा झाडांचा अधिकारी डॅरिल हॅलम बरणी घेऊन आला. गुबगुबीत, हसरा, प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकणारा माणूस. त्याचा हात खांद्यावर पडला की मर्व शर्ट झटकायचा.

‘गल्लीतल्या मुख्य पाइपातलं आहे, मर्व,’ डॅरिल म्हणाला. ‘चार घरांचं पाणी तुंबलंय. अंजीर असणार, नाही का? ती ग्रीक म्हातारी आहे ना, गलानिस? तिचं अंजिराचं झाड पाइपापासून बारा पावलांवर आहे.’

‘आणि सार्वजनिक बागेतला तुमचा वड?’

‘तो केवढ्या लांब! गल्लीपलीकडे. सत्तर पावलं तरी. गड्या, सव्वाशे वर्षांचं झाड आहे ते. पाटी लावलीय त्याला. लग्नाचे फोटो काढायला लोक येतात त्याच्याखाली. कळतंय ना मी काय म्हणतोय?’

‘तू मला मुळं शिकवू नकोस, डॅरिल. पानगळ सुरू झाली की तुला वाटतं झाड आजारी पडलं.’

डॅरिल हसला. असल्या माणसांचं हेच वाईट, त्यांना लागतच नाही. मूळ अंजिराचं निघालं तर झाड तोडायची नोटीस आठवड्यात निघेल, असं सांगून तो गेला.

मर्वने चकती काढली. लाल रंगात पट्टे लख्ख दिसले. मोठ्या नळ्यांच्या मधून मऊ पेशींचे आडवे पट्टे, घट्ट, मऊ, घट्ट, मऊ. वड-उंबराचं कूळ. इथपर्यंत खरोखरच शंका नव्हती.

पण खायचं अंजीर त्या कुळातलं आणि बागेतला ऑस्ट्रेलियाचा वडही त्याच कुळातला. मुळाच्या चकतीत दोन्ही म्हणजे एकाच पिठाच्या दोन भाकऱ्या. मर्वच्या लाकडी पेटीत दोन्हींच्या जुन्या चकत्या शेजारी शेजारी होत्या. त्याने त्या काढून पाहिल्या. पन्नासदा तरी पूर्वी पाहिल्या होत्या. एखादी नळी इकडे रुंद, एखादी तिकडे, ओल कमीजास्त असली तरी इतका फरक पडतोच. ज्याच्या जोरावर कुणाचं झाड पाडावं असा फरक तिथे नव्हता आणि हे अ‍ॅडलेडमध्ये मर्वइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. ब्रॉनविन सोडली तर.

त्या दिवशी कागद लिहिला गेला नाही.

मंगळवारी गलानिसबाई आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काळा झगा, काळे मोजे, हातात पाकातल्या अंजिरांची बशी. इर्माने त्यांना शेडमध्ये आणून स्टुलावर बसवलं आणि स्वतः दारात उभी राहिली. मर्वने त्यांच्याकडे मान वळवली नाही.

‘तुम्ही मुळं वाचता म्हणे,’ गलानिसबाई म्हणाल्या.

‘बघतो. वाचतात ते पाद्री.’

‘बरं, बघता. मग हेही बघा. माझं झाड पाइपाच्या बाजूला मुळं धाडत नाही. पाच वर्षं झाली, मी आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं सगळं पाणी मागे, कोंबड्यांच्या खुराड्याकडे ओतते. तिकडची माती कायम ओली. पाइपाची बाजू कोरडी ठणठणीत, दगडी. झाड इकडे कशाला मरायला येईल?’

‘मुळं पत्ता विचारून जात नाहीत, बाई.’

‘मग तुम्ही त्यांना पत्ता कसा विचारता?’

दारात इर्मा हसली. मर्वचे कान तांबडे झाले. त्याने वस्तरा चामड्यावर परजायला घेतला. परजायची काही गरज नव्हती, सकाळीच परजला होता.

गलानिसबाई चिडल्या नव्हत्या. त्यांनी बशी टेबलावर ठेवली. ‘हे झाड माझ्या नवऱ्याने लावलं, एकसष्ट साली. नदीकाठच्या द्राक्षमळ्यात कामाला होता, तिथून फांदी आणली. तो गेला. मुली लांब आहेत, फोन करतात. मी दिवसभर त्या झाडाखाली बसते. भाजी तिथे निवडते, जेवण तिथे, कोंबड्या तिथे. घरात मी फक्त झोपायला जाते. ते पाडलं तर मी काय भिंतीकडे बघत बसू?’

‘चकतीत जे असेल तेच मी लिहितो,’ मर्व म्हणाला.

‘तेवढंच लिहा,’ त्या म्हणाल्या. ‘त्याच्यापुढचं नको.’

त्या गेल्यावर इर्माने बशीतलं एक अंजीर तोंडात टाकलं. ‘बाई शहाणी आहे.’

‘गावंढळ आहे. खुराड्याकडे पाणी ओतते म्हणून मुळांनी तिकडे जायचं! मुळं काय कोंबड्या आहेत, दाणे टाकले की धावायला?’

‘अरे, पण ओलीकडे मूळ जातं हे तूच सांगतोस ना सगळ्यांना? गेल्या रविवारी पाद्र्याला सांगत होतास.’

बाईचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध होतं. पण ते काळ्या मोज्यातल्या बाईने, तोडक्यामोडक्या भाषेत, पाकातल्या अंजिरांच्या बशीसकट सांगितलं होतं. प्रोफेसर त्याच्याकडे ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने तो तिच्याकडे बघत होता, आणि हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. नाकाने कांदे सोलणाऱ्याला वास येत नसावा.

बुधवार गेला. गुरुवारी दुपारी इर्मा चहा घेऊन शेडमध्ये आली तर कागद कोराच आणि मायक्रोस्कोपपाशी तीन चकत्या.

‘अजून तेच मूळ? तुला तर दहा मिनिटं लागतात.’

‘काम आहे. चहा ठेव आणि जा.’

‘मर्व, तुला या दोन झाडांतला फरक कळतो ना?’

‘कळतो म्हणजे काय? चौतीस वर्षं काय गवत कापलं मी?’

‘मग लिहीत का नाहीस? का त्या ब्रॉनविनसारखं लिहायचंय?’

तिने ते थट्टेत म्हटलं. तिच्या मनात काही नव्हतं. पण मर्वने पेन उचललं आणि तिच्यासमोर, चहा निवायच्या आत लिहिलं: खाण्याचं अंजीर. शंका नाही. खाली लफ्फेदार सही.

डॅरिलला खूश करायला त्याने हे लिहिलं असं कुणाला वाटेल. मुळीच नाही. डॅरिलला तो मोजतच नव्हता. गलानिसबाईंशी त्याचं वैरही नव्हतं. एका माणसाला आपल्या बहिणीसमोर ‘सांगता येत नाही’ म्हणवेना, एवढ्यासाठी एक झाड गेलं. अजून मोठं काही कारण असतं तर निदान लिहायला तरी बरं वाटलं असतं.

मार्चमध्ये झाड पाडलं. कौन्सिलची माणसं यंत्र घेऊन आली. फांद्या भुशात गेल्या, बुंधा जमिनीखाली हातभर पोखरून काढला, आणि राहिलेल्या मुळांना भोकं पाडून विष भरलं, पुन्हा कोंब फुटू नये म्हणून. गलानिसबाईंनी कामावरच्या माणसांना कॉफी दिली. डॅरिलला दिली नाही. त्या उन्हाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर गेला, तेव्हा सावली नसलेल्या खुराड्यात त्यांच्या पाच कोंबड्या एका दुपारी मेल्या. ही बातमी इर्माने बेकरीतून आणली आणि जेवणाच्या टेबलावर सांगितली.

‘कोंबड्यांनाही मीच मारलं म्हणा,’ मर्व म्हणाला आणि सँडविचमधलं सॉसेज नीट बसवू लागला.

‘मी तसं म्हटलं नाही.’

‘तुझं तोंड म्हणतंय.’

इर्माने ताटल्या उचलल्या. ती गप्प राहिली की मर्वला जास्त राग येई.

२००९ च्या मे महिन्यात गलानिसबाई पुन्हा शेडच्या दारात उभ्या राहिल्या. या वेळी काठी होती. बशी नव्हती, कॉफीची एक जुनी बरणी होती आणि तिच्यात ओल्या मुळांचा गुंता.

‘पाइप परत तुंबला,’ त्यांनी सांगितलं. ‘काल प्लंबरने हे काढलं. मी कौन्सिलला फोन केला. तो हसणारा म्हणाला, जुनीच मुळं आहेत, तुमच्याच झाडाची, सडायला वर्षं लागतात. म्हणून तुमच्याकडे घेऊन आले.’

‘बरोबरच सांगितलं त्याने,’ मर्व म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो डॅरिलच्या बाजूने बोलत होता. ‘मेलेली मुळं पाइपात अडकून राहतात.’

‘बघून सांगा.’

‘बघायचं काय त्यात?’

‘तेव्हा बघून सांगितलंत ना? मग आताही बघा.’ त्या स्टुलावर बसल्या. त्यांना उठायची घाई दिसत नव्हती. इर्मा आत आली आणि कुणी न सांगता त्यांच्या शेजारी खोक्यावर बसली.

मर्वने चकती काढली. हात अजून तसाच होता, पासष्टाव्या वर्षीही. लाल रंगात तेच पट्टे उमटले. घट्ट, मऊ, घट्ट, मऊ. एवढ्यावर बाई जाणार नाहीत हे त्याला दिसलं. मग त्याला सुचलं, की यांना डोळ्यांनी दिसेल असंच काही दाखवावं आणि एकदाचं घरी धाडावं.

‘हे बघा, बाई. नीट समजावून सांगतो, म्हणजे परत यायला नको.’ शाळेतल्या पोराला सांगावं तशा आवाजात त्याने सुरुवात केली. ‘जिवंत झाड मुळात स्टार्च साठवून ठेवतं. कणकेसारखे दाणे असतात, मऊ पेशींत आणि आऱ्यांत. झाड मेलं की तो साठा आटतो, सडतो. आता मी या दुसऱ्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकतो. मूळ जिवंत असेल तर काळंनिळं होईल. मेलेलं असेल तर हा तपकिरी आहे तसाच राहील. बघा आता तुमच्या डोळ्यांनी.’

थेंब पडला. मायक्रोस्कोपची गरजच पडली नाही. काचेवरची चकती तिघांच्या देखत काळी झाली. आधी पट्टे, मग आऱ्या, मग सगळीच, शाई सांडल्यासारखी.

मर्वने दुसरा तुकडा कापला. तोही काळा. तिसरा त्याने बरणीच्या तळातून शोधून काढला, त्यातल्या त्यात सडका. तो सगळ्यांत काळा झाला.

‘काळं म्हणजे काय म्हणालात?’ गलानिसबाईंनी विचारलं. त्यांना आठवत होतं. त्यांना त्याच्या तोंडून हवं होतं.

‘जिवंत.’

‘आणि माझं झाड?’

मर्वने आयोडीनच्या बाटलीचं झाकण लावलं.

‘त्याला जाऊन दोन उन्हाळे झाले,’ इर्मा म्हणाली. ‘विष घालून मारलं त्याला.’

मर्वचं तोंड चपराक बसल्यासारखं झालं होतं. त्या क्षणी तो बाईंची क्षमा मागता तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण चाळीस-पन्नास वर्षांची खोड. त्याने कोरा कागद ओढला आणि भराभरा लिहिलं: बागेतला वड. शंका नाही. सही केली आणि कागद बाईंपुढे धरला.

‘हे घ्या. आता कौन्सिलला दाखवा. ते झाड पाडावं लागेल त्यांना. पाटी असो नाहीतर काही असो. मी सांगतो ना, शेंडी तुटो की पारंबी, मी मागे हटणार नाही.’

गलानिसबाईंनी कागद हातात घेतला. अक्षर अक्षर लावून वाचला. मग विचारलं, ‘हे तुम्हांला कसं कळलं?’

‘कसं म्हणजे? या कुळातली जवळपास दोनच झाडं होती. तुमचं नव्हे, म्हणजे त्यांचं.’

‘माझ्या मागच्या घरात व्हिएतनामी लोक राहायला आलेत. त्यांनी कुंडीत कसलंसं झाड लावलंय, पानं अशीच जाड, तोडलं की दूध येतं. कुंडी फोडून जमिनीत गेलंय ते. पलीकडे शाळेच्या भिंतीत एक उगवलंय, पक्ष्यांनी टाकलेलं. ती बघितलीत तुम्ही?’

‘नाही.’

‘मग शंका कशी नाही?’

इर्माने मर्वकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर तिलाही हवं होतं.

‘मला ते झाड पाडायचं नाही,’ गलानिसबाई म्हणाल्या. ‘त्याखाली काढलेला माझ्या मुलीचा लग्नाचा फोटो आहे. आणि नसता, तरी नको होतं. तुम्हांला काय वाटलं, माझं गेलं म्हणून दुसऱ्याचं जावं यासाठी मी काठी टेकत आले? तुम्हांला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. मला तेवढं लिहून हवंय.’

बाहेर रस्त्यावर कुणाची तरी कचऱ्याची ढकलगाडी खडखडत गेली. मर्वने पहिला कागद बाईंच्या हातातून घेऊन फाडला. दुसरा घेतला. पेन टेकवलं आणि तसाच थांबला. मुळाचा केस उभा चिरणाऱ्या त्या हाताला तीन शब्द जड झाले होते, आणि हे बघायला कुणी प्रोफेसर नव्हता, होत्या दोन म्हाताऱ्या. खरं सांगायचं तर त्याची कीव यायला हवी. येत नाही.

त्याने लिहिलं: वड-उंबराचं कूळ. त्यापुढे सांगता येत नाही. एम. नोस्के. खाली तारीख घातली, १९ मे २००९, आणि कागद सरकवला.

गलानिसबाईंनी तो वाचला, दोनदा वाचला, आणि तारखेवर बोट ठेवलं.

‘ही नको. तेव्हाची घाला. माझं झाड उभं होतं त्या महिन्याची.’

‘तसं कसं करता येईल?’ मर्व म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जुना मर्व परत आला. ‘आज लिहिलेल्या कागदावर दोन वर्षांपूर्वीची तारीख? ते खोटं होईल. खोट्या कागदावर मी सही करत नाही.’

गलानिसबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग काठी टेकून उठल्या, बरणीचं झाकण लावलं आणि इर्माकडे वळून म्हणाल्या, ‘ऐकलंस ना ग? तो खोटं लिहीत नाही.’

कागद त्यांनी टेबलावरच ठेवला. इर्माने त्यांचा हात धरला आणि दोघी एकमेकींना सावरत फाटकाकडे चालू लागल्या.